तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मज्जातंतूचा संकेत हरवतो तेव्हा: लवचिक इलेक्ट्रोडचे समस्या निवारण

मज्जातंतूभोवती गुंडाळलेल्या किंवा त्याच्या आत ओवलेल्या लवचिक इलेक्ट्रोडवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही तक्रार कधी ना कधी भेटते. शस्त्रक्रियेच्या दिवशी संकेत स्वच्छ येतो, पहिला पंधरवडा बरा जातो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आलेखाची आधाररेषा जाड होऊन संकेत तिच्यात बुडून जातो. पुढच्या प्राण्यात नवा इलेक्ट्रोड बसवला तरी साधारण त्याच सुमारास तेच घडते. मग नोंदवहीत "तंतुमय आवरणामुळे संकेत मंदावला" असे एक वाक्य लिहिले जाते आणि विषय तिथेच मिटतो. असे आवरण तयार होते हे खरे आहे. शरीरात बसवलेल्या प्रत्येक परक्या वस्तूभोवती ते होतेच. पण ते आत असते, दिसत नाही आणि स्वतःची बाजू मांडत नाही, त्यामुळे दुसऱ्या कशाचाही दोष त्याच्या माथी मारणे सोपे जाते. आवरण हा निष्कर्ष सर्वांत शेवटी, बाकीच्या शक्यता मोजून बाद केल्यानंतरच काढावा, असे माझे मत आहे, आणि खालील क्रम त्याच मताने लावलेला आहे.

या क्रमाला एक पूर्वअट आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी, जखम शिवून झाल्यावर, तीन गोष्टी नोंदवून ठेवलेल्या असल्या पाहिजेत: प्रत्येक संपर्कबिंदूचा (इलेक्ट्रोडवरील ऊतीला टेकणाऱ्या उघड्या धातूचा) १० हर्ट्झपासून १०० किलोहर्ट्झपर्यंतचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विद्युत्प्रवाहाला होणारा विरोध, त्याच्या कलाकोनासह (व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या लहरींमधील कोनीय अंतरासह); प्राणी भुलीखाली निश्चल असतानाचा मूळ नॉइज (संकेत नसतानाची विद्युत खरखर); आणि मज्जातंतूला दुसऱ्या ठिकाणी उत्तेजन देऊन मिळालेला प्रतिसाद. ज्यांच्याकडे फक्त १ किलोहर्ट्झचा एक आकडा आहे, त्यांना पुढचे बरेचसे निदान अंदाजानेच करावे लागेल. आम्हीही पहिले काही महिने तो एकच आकडा लिहीत होतो आणि त्यातून काहीही सिद्ध करता येत नाही हे उशिरा कळले.

आधी शरीराबाहेरचे तपासावे

संकेत गेला त्या सकाळी प्राण्याला हात लावण्याआधी ॲम्प्लिफायरकडे पाहावे. इलेक्ट्रोडच्या जागी १० किलोओहमचा साधा रोधक जोडावा आणि नॉइज मोजावा. १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात अशा रोधकाचा औष्णिक नॉइज सुमारे १.३ मायक्रोव्होल्ट येतो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज २.४ मायक्रोव्होल्ट असेल, तर दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतल्यावर साधारण २.७ मायक्रोव्होल्ट दिसले पाहिजेत. याहून बरेच जास्त दिसत असेल, तर दोष केबलमध्ये, भूजोडणीत किंवा खोलीतील एखाद्या उपकरणात आहे आणि इलेक्ट्रोडचा त्यात काही संबंध नाही.

त्यानंतर त्वचेतून बाहेर आलेला कनेक्टर पाहावा. त्याच्या पिनांमध्ये वाळलेले रक्त, ऊतकद्रव किंवा मिठाचा पातळ थर साचला की शेजारच्या दोन वाहिन्या एकमेकींत गळू लागतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण कोरडे होऊ द्यावे आणि पुन्हा मोजावे. यात दहा मिनिटे जातात, म्हणूनच बहुधा कुणी ते करत नाही. हलत्या प्राण्यात केबलच्या घर्षणानेही विद्युत्भार निर्माण होतो. प्राणी स्थिर असताना आलेख शांत आणि चालताना खवळलेला असेल, तर इलेक्ट्रोड न हलवता फक्त केबल हाताने हलवून पाहावी.

हरवला तो संकेत मज्जातंतूचाच होता का?

हा प्रश्न विचारायला कुणालाच आवडत नाही, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक उत्तरे इथेच सापडतात. कफ इलेक्ट्रोडने, म्हणजे मज्जातंतूभोवती नळीसारख्या बसणाऱ्या इलेक्ट्रोडने, मज्जातंतूच्या बाहेरून टिपलेला नैसर्गिक संकेत काही मायक्रोव्होल्टचा असतो, तर शेजारच्या स्नायूचा संकेत मिलिव्होल्टच्या घरात, म्हणजे जवळजवळ हजारपट मोठा असतो. स्नायूची बहुतेक ऊर्जा ५०० हर्ट्झच्या खाली आणि मज्जातंतूची १ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास असते, म्हणून गाळणीने दोन्ही वेगळे होतील असे वाटते. परंतु मूळ संकेत हजारपट मोठा असेल, तर त्याचे १ किलोहर्ट्झच्या वर उरलेले शेपूटसुद्धा मज्जातंतूच्या संकेताला झाकून टाकते. पहिल्या पंधरवड्यात चालताना दिसणारे, पावलांच्या तालावर उठणारे देखणे झुबके पाहून आपण खूश होतो. ते स्नायूचेच असण्याची शक्यता मुळीच कमी नसते.

कफमध्ये आधी उघडी असलेली फट बरे होताना ऊतीने भरून आली, तर कफ पूर्वीपेक्षा चांगला बंद होतो आणि बाहेरच्या स्नायूचा संकेत आत येणे कमी होते. शस्त्रक्रियेनंतर लंगडणारा प्राणी सरळ चालू लागला की स्नायूंची हालचालही बदलते. दोन्ही गोष्टी तिसऱ्या आठवड्याच्या सुमारासच घडू शकतात. म्हणजे "संकेत गेला" असे आपण ज्याला म्हणतो, ती कधी कधी मोजमापात झालेली सुधारणा असते. उलट, दिवसेंदिवस झुबके मोठे होत असतील तर आनंद मानण्याऐवजी कफची कडा उघडली असावी असा संशय घ्यावा.

खात्री करण्याचा चांगला मार्ग म्हणजे काळातील अंतर पाहणे. कफमध्ये १० मिलिमीटर अंतरावर दोन संपर्कबिंदू आहेत आणि अक्षतंतू, म्हणजे मज्जातंतूतले बारीक धागे, ५० मीटर प्रतिसेकंद वेगाने संकेत वाहून नेतात असे धरले, तर एका बिंदूवरून दुसऱ्यावर पोहोचायला ०.२ मिलिसेकंद लागतात. ३० किलोहर्ट्झने नमुने घेत असाल तर हे सहा नमुन्यांचे अंतर झाले, जे सहसंबंध काढून स्पष्ट दिसते. स्नायूचा संकेत ऊतींच्या आकारमानातून पसरत येतो, त्यामुळे तो दोन्ही बिंदूंवर जवळजवळ एकाच क्षणी उमटतो. अंतर शून्य आले तर तो मज्जातंतूचा नाही. अंतराचे चिन्ह पाहून संकेत मेंदूकडे जात आहे की मेंदूकडून येत आहे, हेही कळते. भुलीखालच्या प्रयोगात, कृत्रिम श्वसनाची सोय असताना, व्हेक्युरोनियमसारखे स्नायूंना निष्क्रिय करणारे औषध देऊन स्नायूचा वाटा पूर्ण काढून टाकता येतो. त्यानंतर जे उरेल ते मज्जातंतूचे. मात्र ही चाचणी केवळ पशुवैद्यकीय देखरेखीत करावी.

दुसरी कसोटी उत्तेजनाची. कफपासून ३० मिलिमीटर दूर मज्जातंतूला उत्तेजन दिले, तर वरच्याच वेगाने प्रतिसाद ०.६ मिलिसेकंदाने येतो आणि स्नायूचा प्रतिसाद त्यानंतर उमटतो, कारण त्याला मज्जातंतू व स्नायू यांच्यामधला सांधा ओलांडावा लागतो. शंभर प्रतिसादांची सरासरी काढली की यादृच्छिक नॉइज दहापट कमी होतो आणि चार मायक्रोव्होल्टच्या गोंधळात लपलेला एका मायक्रोव्होल्टचा प्रतिसादही वर येतो. पहिल्या दिवशीचा प्रतिसाद आणि आजचा प्रतिसाद एकमेकांवर ठेवून पाहावा. उंची आणि वेळ दोन्ही तशीच असतील, तर इलेक्ट्रोडही ठीक आहे आणि मज्जातंतूही. हरवलेली गोष्ट बहुधा तुमची कधी नव्हतीच.

इथे त्रिध्रुवी, म्हणजे ओळीने तीन संपर्कबिंदू असलेल्या, कफबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. बाहेरून येणारे विद्युत्क्षेत्र कफच्या आत लांबीच्या दिशेने जवळजवळ सरळ रेषेत उतरते, म्हणून दोन टोकांच्या संपर्कबिंदूंची सरासरी मधल्या बिंदूच्या पातळीइतकी येते आणि वजाबाकीत बाहेरचे सारे नाहीसे होते. हे गणित तीन अटींवर उभे आहे: मधला बिंदू खरोखर मध्यावर हवा, कफ पूर्ण बंद हवा आणि दोन्ही टोकांचा इम्पीडन्स सारखा हवा. तिसऱ्या आठवड्यात एका टोकाचा इम्पीडन्स दुप्पट झाला आणि दुसऱ्याचा तसाच राहिला, तर कुठलीही तार न तुटता, कुठलाही अक्षतंतू न मरता स्नायूचा संकेत पुन्हा आत शिरतो. टोके कफमध्येच कायमची जोडून टाकण्याऐवजी तिन्ही बिंदू स्वतंत्र बाहेर आणावेत आणि दोन्ही बाजूंचे प्रवर्धन वेगवेगळे जुळवून घ्यावे. एक जादा तार आणण्याचा त्रास आहे, पण तो सार्थकी लागतो.

इम्पीडन्सच्या तीन चाली

आता इलेक्ट्रोडकडे वळू. एका दिवसाचा इम्पीडन्स फारसे बोलत नाही. आठवड्यांवर पसरलेली त्याची चाल बोलते.

सर्व संपर्कबिंदूंवर तो हळूहळू, दोन ते चार आठवडे वाढत जाऊन मग स्थिरावत असेल, तर ती आवरणाची चाल आहे. एकाच बिंदूवर तो एका दिवसात प्रचंड उडी घेत असेल, आणि विशेषतः प्राण्याचा पाय एका स्थितीत आणल्यावर पुन्हा खाली येत असेल, तर तार तुटली आहे आणि तुटलेली टोके अधूनमधून एकमेकांना स्पर्श करत आहेत. शेजारच्या दोन बिंदूंचा इम्पीडन्स घसरत असेल आणि त्यांचे आलेख दिवसेंदिवस जुळ्या भावंडांसारखे दिसू लागले असतील, तर आत ओलावा शिरला आहे. तिसरी चाल सर्वांत फसवी असते, कारण इम्पीडन्स कमी होणे चांगले अशी आपल्या मनाची सवय असते आणि घसरलेला आकडा पाहून कुणी दचकत नाही.

तुटलेल्या तारेबद्दल एक खबरदारी. मोजणी यंत्र अशा वाहिनीवर अनंत आकडा दाखवत नाही. केबल आणि जोडण्यांची भटकी धारकता (विद्युत्भार साठवण्याची नको असलेली क्षमता) १०० पिकोफॅरड असली, तर १ किलोहर्ट्झला ती १.६ मेगाओहम दाखवते. नवशिका माणूस ते वाचून "इम्पीडन्स वाढला आहे, पण वाहिनी जिवंत आहे" असे लिहितो. कलाकोन उणे ९० अंशांना टेकलेला असेल आणि वारंवारता दहापट केल्यावर आकडा बरोबर दहापट कमी होत असेल, तर आपण शुद्ध धारकता मोजत आहोत आणि त्या वाटेवर मज्जातंतू नाही.

इम्पीडन्स वाढल्याने संकेत बुडाला असे म्हणण्यापूर्वी हिशेब करावा. शरीराच्या तापमानाला १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात १० किलोओहमचा रोध १.३ मायक्रोव्होल्ट, २० किलोओहमचा १.८ आणि १०० किलोओहमचा सुमारे ४ मायक्रोव्होल्ट नॉइज देतो. म्हणजे १० चे २० किलोओहम झाले म्हणून आधी दिसणारा ५ मायक्रोव्होल्टचा संकेत नाहीसा होणे शक्य नाही. तो नाहीसा झाला असेल तर कारण दुसरीकडे शोधावे.

तुटलेली तार

लवचिक आणि ताणले जाणारे हे दोन शब्द आपण सैलपणे एकाच अर्थाने वापरतो आणि बहुतेक तारा त्या सैलपणातच तुटतात. इलेक्ट्रोडच्या पातळ पट्ट्या ज्यांच्या बनतात त्या पॉलिइमाइड किंवा पॅरिलीन-सी या प्लास्टिकांचा ताठरपणा गिगापास्कलमध्ये मोजला जातो. सिलिकोन त्यांच्यापेक्षा जवळजवळ हजारपट मऊ असते आणि मज्जातंतूची ऊतीही साधारण सिलिकोनच्याच पंक्तीला बसते. पॉलिइमाइडची पट्टी वाकते ती केवळ पातळ असते म्हणून. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाबरोबर वाढतो, त्यामुळे १० मायक्रोमीटरची पट्टी २० मायक्रोमीटरची केली की ती आठपट ताठ होते. तीच १० मायक्रोमीटरची पट्टी लांबीच्या दिशेने ओढून पाहावी. ती हटत नाही, आणि तिच्या आतला धातूचा थर त्याहून कमी सोसतो. पाय पुढे-मागे होताना मज्जातंतू मात्र लांबतो आणि आखडतो.

म्हणून तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात: कफमधून तार बाहेर पडते तो कोपरा, आणि पातळ पट्टी गोल तारेला जोडलेली असते तो सांधा. कफजवळ तारेचा सैल वळसा ठेवावा, गोल तार मळसूत्रासारखी वळलेली असावी आणि पट्टीवरच्या वाहिन्या नागमोडी असाव्यात. धातू दोन सारख्या जाडीच्या थरांच्या बरोबर मध्ये असला तर वाकताना त्याच्यावर ताण जवळजवळ येत नाही. वरचा थर जाड आणि खालचा पातळ झाला की हा फायदा जातो. ताण घेणारा टाका शेजारच्या स्नायूच्या आवरणाला घालावा, मज्जातंतूला कधीच नाही. पातळ पट्टीच्या कडेला छिद्र पाडून सरळ टाका घातला तर तिथूनच चीर सुरू होते, म्हणून छिद्राभोवती सिलिकोनची मऊ चकती असावी.

ओलावा

ओलावा आत येतोच. तो कुठे साचतो हा खरा प्रश्न आहे. सिलिकोन पाण्याची वाफ अडवत नाही, तरीही ते दशकानुदशके रोपणांत वापरले जाते, कारण ते पृष्ठभागाला सलग चिकटलेले असेल तर वाफेला पाणी होऊन साचायला पोकळी मिळत नाही. बोटाचा एक ठसा किंवा सोल्डरिंगनंतर राहिलेला एखादा डाग अशी पोकळी तयार करतो, तिच्यात क्षार ओलावा ओढून घेतात, फुगवटा वाढतो आणि थर सुटत जातो. प्लॅटिनम तर मुळातच कुणाशी नाते न जोडणारा धातू आहे. पॉलिमर त्याला नीट धरत नाही. टायटॅनियमचा पातळ थर किंवा सिलिकॉन कार्बाइडसारखा मधला थर, आणि पॅरिलीनच्या आधी ए-१७४ या सिलेनची (थर चिकटवून धरणाऱ्या रसायनाची) प्रक्रिया, हे नेहमीचे उपाय आहेत. त्यातली कुठलीही पायरी "यावेळी राहू दे" म्हणून गाळली गेली असेल, तर ती चूक नेमकी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आलेखावर उमटू शकते.

प्राण्यात बसवण्याआधी त्याच खेपेतले काही नमुने क्षारद्रावणात बुडवून ठेवावेत. दर १० अंश सेल्सिअसला वेग दुप्पट होतो असे धरले, तर ६७ अंशांवरचा एक आठवडा ३७ अंशांवरच्या आठ आठवड्यांइतका होतो. म्हणजे ज्या दोषाची आपण शरीरात महिनाभर वाट पाहतो, तो टेबलावर चार दिवसांत दिसायला हवा. ही दुप्पट धरण्याची पद्धत ढोबळ आहे आणि जास्त तापमानाला असे काही दोषही निघतात जे शरीरात कधीच निघाले नसते. तरीही टेबलावरचे नमुने ठणठणीत आणि प्राण्यातले गळलेले, असे झाले तर शस्त्रक्रियेतील हाताळणी, चिमट्याचा ओरखडा किंवा निर्जंतुकीकरण यांकडे बोट वळते, आणि तेवढी माहितीही मोलाची असते.

आवरण आणि दाब

वरचे सगळे बाद झाले, तर आता आवरणाचे नाव घ्यायला हरकत नाही. तरीही कफ आणि मज्जातंतूच्या आत ओवलेले इलेक्ट्रोड यांच्यात फरक करावा लागतो. आत ओवलेला संपर्कबिंदू एकेका अक्षतंतूच्या जवळिकीवर जगतो. मध्ये काही दहा मायक्रोमीटरची ऊती आली तरी त्याचे टोकदार संकेत झपाट्याने खुजे होतात. कफ मात्र विद्युत्प्रवाहाला आपल्या भिंतींमध्ये कोंडून ठेवतो, त्यामुळे आतला पातळ थर त्याला तितका मारक ठरत नाही. डेन्मार्कमधील हॉगलंड आणि सिंकियर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात माणसाच्या पायातील सुरल मज्जातंतूवरच्या कफमधून टाच टेकल्याचा संकेत घेऊन, लटकणारे पाऊल उचलण्याचे उत्तेजन त्यावरून चालवले होते. आवरण त्या कफभोवतीही झालेच असणार.

आवरणापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे दाब, आणि त्याची लक्षणे सहज एकमेकांत मिसळतात. सशाच्या टिबियल मज्जातंतूवर रिडेविक आणि लुंडबोर्ग यांनी १९८१ मध्ये दाखवले की पाऱ्याच्या २० मिलिमीटर एवढ्या दाबाने बारीक शिरांतला प्रवाह मंदावतो आणि ६० ते ८० मिलिमीटरला मज्जातंतूतील रक्तप्रवाह पूर्ण थांबतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत मज्जातंतू सुजतो. त्या दिवशी अचूक बसलेला कफ तिसऱ्या दिवशी घट्ट झालेला असतो. न उलगडणाऱ्या कफचा आतला व्यास मज्जातंतूच्या सुमारे दीडपट ठेवण्याची जुनी रीत याच सुजेसाठी आहे. संकेत मोठा हवा म्हणून ती मोडण्याचा मोह होतो. तो होणारच असेल तर स्वतःहून गुंडाळला जाणारा आणि सूज आल्यावर उलगडणारा कफ वापरावा.

दाब ओळखायचा तर उत्तेजनाच्या प्रतिसादाकडे परत जावे. उंची कमी झाली आणि वेळ तीच राहिली, तर संपर्कबिंदू दूर गेला असावा. प्रतिसाद उशिरा येऊ लागला, म्हणजे वहनाचा वेग घटला, तर मज्जातंतू दुखावला आहे आणि इलेक्ट्रोडवर कितीही नवे लेप चढवले तरी उपयोग नाही. कफच्या वरच्या बाजूला उत्तेजन देऊन खालचा स्नायू पूर्वीच्याच उंबरठ्यावर (किमान उत्तेजनावर) आकसतो का, हेही पाहावे. इरिडियम ऑक्साइड किंवा पेडॉट (वीज वाहणारे पॉलिमर) यांचे लेप इम्पीडन्स उतरवून नॉइज कमी करतात, पण ते अंतर कमी करत नाहीत आणि दाब तर नाहीच. शिवाय पेडॉटचा लेप स्वतःच सुटला, तर निदानात आणखी एक संशयित वाढतो.

इलेक्ट्रोड बाहेर काढताना

शेवटचे मोजमाप बहुतेक ठिकाणी राहून जाते. प्रयोग संपवताना इलेक्ट्रोड ओढून काढण्याआधी जागेवरच पूर्ण इम्पीडन्स मोजावा. मग तार न कापता कफ उघडून, चिकटलेली ऊती हलक्या हाताने सोडवून, तोच इलेक्ट्रोड क्षारद्रावणात बुडवून पुन्हा मोजावा. आकडा पहिल्या दिवसाजवळ परत आला, तर अडथळा ऊतीचा होता. तो वरच राहिला किंवा खालीच राहिला, तर दोष इलेक्ट्रोडबरोबर बाहेर आला आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो कुठेतरी दिसेल: वळणावरची बारीक चीर, कडेने सुटलेला थर किंवा धातूखाली अडकलेला पाण्याचा बुडबुडा. कफ आणि मज्जातंतू एकत्र ठेवून काप घ्यायचे असतील, तर हे क्षारद्रावणातले मोजमाप मिळत नाही. म्हणून प्राण्यांपैकी कोणावर काय करायचे हे आधीच ठरवून घ्यावे, आणि ज्याच्यात संकेत सर्वांत लवकर गेला त्याचा इलेक्ट्रोड मोजण्यासाठी राखून ठेवावा.